मागच्या चाकावरचा हात

घर भाड्याने देण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "गाडी उभी केली का हँडब्रेक ओढता, का नुसती गिअरमंदी ठेवता?"

बाबा गेल्यावर आम्हाला रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं होतं, आणि आई आणि मी रायपूरभर घरं पाहत फिरत होतो. चांगल्या चांगल्या कॉलन्यांमध्ये आमचं आगतस्वागत व्हायचं, पाणी यायचं, खोल्या दाखवल्या जायच्या. मग मालक अगदी सहज आठवल्यासारखं आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की त्यांच्या लक्षात यायचं, अरे, ही खोली तर कालच कुणाला तरी कबूल केली आहे. एका बाईंना तर आईच्या गळ्यातलं बुद्धाचं लॉकेट पाहूनच ते आठवलं, आडनावापर्यंत जावंच लागलं नाही. अशा दिवसांत गुढियारीच्या एका गल्लीत हा उंच, काटकुळा म्हातारा मला हँडब्रेकबद्दल विचारत होता. मला वाटलं, नकार द्यायची ही नवी तऱ्हा असेल.

"ओढते," मी म्हटलं.

"कितीक?"

"म्हणजे?"

"कटकट आवाज येते न त्याचा? तो बंद होयेपर्यंत ओढाचा. बाकी मंग ठीक हाये. पानी सकाळ-संध्याकाळ येते. कधी येता राहाले?"

आडनाव त्यांना पहिल्या महिन्याच्या शेवटी कळलं, तेही वीजबिलावरून. पुढे बऱ्याच दिवसांनी मी त्यांना विचारलं, की तुम्ही तेव्हा आडनाव कसं विचारलं नाही. ते माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मीच काहीतरी वेडगळ बोलले होते. "डब्यात कोन बसलं हाये हे मी नोकरीत कधी पाह्यलं नाही. डबा धड जोडला हाये का नाही, ते पाह्यलं."

ते गार्ड होते. मालगाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात बसून त्यांनी अख्खी नोकरी काढली होती, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्या डब्यातून ते काही उतरले नव्हते. सगळी गल्ली त्यांना गार्डसाहेब म्हणायची. रेल्वेने मध्यंतरी त्या पदाचं नाव बदलून मॅनेजर केलं, तेव्हा ते आठवडाभर फणफणत होते. "मॅनेजर बँकेत असते. रेल्वेत गार्ड असते." ड्रायव्हर या प्राण्याविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. ड्रायव्हरला फक्त पुढचं दिसतं, आणि पुढचं तर कुणालाही दिसतं, असं त्यांचं म्हणणं. गाडीचं खरं काय चाललं आहे, ते शेवटी बसलेल्यालाच कळतं.

त्यामुळे ते जिथे जातील तिथे शेवटी असायचे. लग्नाच्या वरातीत सगळ्यांच्या मागे, सावकाश, कुणी राहून तर गेलं नाही ना हे पाहत. ई-रिक्षात मागे तोंड करून बसायची जागा मिळाली नाही तर ती रिक्षा सोडून द्यायचे. मोटारीत तर ते बसायचेच नाहीत, कारण तिथे सगळ्याच सीटा पुढे तोंड करून. आणि त्यांच्या खांद्यावर कायम एक हिरवा टॉवेल असायचा. अंगणातून कुणाचीही गाडी निघाली, अगदी वरच्या भाडेकरूंची सायकल निघाली, तरी ते फाटकात उभे राहून टॉवेल वर धरायचे. तो वर झाल्याशिवाय निघायचं नाही. मला ऑफिसला उशीर झालेला असायचा आणि हे आरामात माझ्या गाडीभोवती एक फेरी मारून, चारही चाकं न्याहाळून मगच टॉवेल उचलायचे. पहिले काही महिने मी दात-ओठ खात होते. नंतर एकदा ते तापाने झोपून होते, तेव्हा फाटकातून गाडी काढताना मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. तेव्हा समजलं, की सवय मलाही लागली आहे.

भाड्याच्या अटींमध्ये एक अट अशी होती, की गाडीची दुसरी चावी त्यांच्याकडे राहील. अंगणाला गल्लीकडे उतार होता आणि गल्लीत पोरं खेळायची. रोज संध्याकाळी ते अंगण धुवायचे, पाइपने सगळ्या गाड्यांची चाकंही धुऊन काढायचे, आणि मग प्रत्येक गाडी तपासायचे. सायकलींच्या चाकाखाली वीट. स्कूटर गिअरमध्ये आहे का ते पाहायचे. आमच्या गाडीचं दार उघडून हँडब्रेक. मी तो पुरता ओढलेला असायचाच, पण दुसऱ्याने ओढलेल्या ब्रेकवर विश्वास ठेवायचा नाही हे त्यांचं ब्रीद. ते दोन्ही हातांनी धरून, दात आवळून, आणखी एकदा ओढायचे.

यामागे एक गोष्ट होती. कोणे एके काळी कुठल्याशा साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळांवर, उभे केलेले डबे आपोआप सुटले आणि उतारावरून निघाले. ही गोष्ट ते दर वेळी वेगळी सांगायचे. कधी डबे कोळशाचे असायचे, कधी तांदळाचे. कधी ते फाटकापाशी अडायचे, तर कधी पार पुढच्या स्टेशनात घुसायचे. एवढं मात्र प्रत्येक वेळी सारखंच असायचं, की कुणीतरी ब्रेक बांधायचा विसरलेला होता आणि लाइनीच्या पलीकडे एक बाई धुणं धूत होती. त्या बाईचं पुढे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आईने मला विचारू दिलं नाही.

माझी आई लहानपणापासून दसऱ्याला नागपूरला जायची. तिच्या वडिलांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली तेव्हा ती त्यांच्या खांद्यावर बसलेली होती. लग्न होऊन रायपूरला आली तरी तिने तो नेम मोडला नाही. रेल्वेच्या गर्दीत उभं राहून जायची, पांढरी साडी मळू नये म्हणून पिशवीत घडी करून न्यायची आणि तिथे जाऊन नेसायची. मग ती घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, वॉकर आला. डब्याच्या पायऱ्या चढणं संपलं. दोन दसरे घरात बसून गेले. तिसऱ्या वर्षी हृदयाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काही गोष्टी सांगितल्या, ज्या मी तिला सांगितल्या नाहीत आणि तिला त्या न सांगताच कळल्या. घरी आल्यावर ती म्हणाली, "औंदा नेशीन त नेशीन. पुढच्या सालचं मी काई सांगत नाही."

मी म्हटलं, आपल्या गाडीने जाऊ. बाबांनी नोकरीत असताना घेतलेली गाडी होती, जुनी असली तरी धडधाकट. त्या पावसाळ्यात मात्र ती फारशी बाहेर निघाली नव्हती. आईच्या दवाखान्याच्या धावपळीत मी बरीच रजा घेतली होती आणि हॉस्पिटल जवळ म्हणून आम्ही रिक्षाने जायचो. नवरात्राच्या आधी एका रविवारी सराव म्हणून गाडी दुर्गच्या रस्त्याला काढली, तर खारून नदीचा पूल येईपर्यंत तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. आणि गाडी पळेचना. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, पण वेग काही वाढायचा नाही. कुम्हारीच्या चढावर एका दूधवाल्याने मोटरसायकलवर कॅन लटकावून मला आरामात मागे टाकलं.

गॅरेजवाला भैया प्रामाणिक माणूस होता, हे मी आधीच सांगून ठेवते. त्याने शहाण्या माणसाने करावं तेच केलं. तापते म्हणून रेडिएटर धुतला, पंखा तपासला, पाण्याला वाट करून देणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, बदलला. पळत नाही म्हणून प्लग बदलले, हवेचा फिल्टर बदलला. दर वेळी मी गाडी घेऊन निघायचे आणि दर वेळी काटा वर जायचा. शेवटी तो म्हणाला, "दीदी, अब इंजन खोलना पड़ेगा. दशहरा के बाद ही मिलेगी."

दसऱ्याच्या नंतर मला गाडी नको होती. भाड्याच्या गाड्यांसाठी फोन फिरवले, तर नवरात्रात सगळ्या डोंगरगडच्या देवीला जाणाऱ्या भाविकांनी धरून ठेवलेल्या. आईने कपाटातून पांढरी साडी काढून ठेवली होती, ती फक्त परत आत ठेवली. ते मला दिसलं आणि मी अंगणात येऊन गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून उभी राहिले.

गार्डसाहेब पाइप घेऊन अंगण धूत होते. त्यांनी नळ बंद केला.

"काहून उभी हायेस अशी?"

मी सगळं सांगितलं. इंजिन खराब आहे, खोलावं लागेल.

"ते तुह्यं मत झालं. मले रोगाचं नाव नको सांगू. काय होते ते सांग. पहिले तापते, का पहिले सुस्त होते?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. मी डोळे मिटून खारूनच्या रस्त्यावर परत गेले. फाटकातून निघतानाच गाडी जड वाटली होती. काटा पुष्कळ नंतर चढला.

"पहिले सुस्त होते."

"मंग हे दोन रोग नाहीत. एकच हाये. इंजिनले आपल्या औकातीपेक्षा जास्त ओढा लागून राहिलं, म्हनून ते तापते. काहून जास्त ओढा लागून राहिलं, ते पाहू. बाईले बलाव. जेवढं वजन घेऊन जानार, तेवढंच घेऊन पाहाचं."

आणि मोटारीत न बसणारे गार्डसाहेब मोटारीत बसले. मागच्या सीटवर गुडघे टेकून, मागे तोंड करून, लहान पोरासारखे. हनुवटी खिडकीच्या बाहेर. आई पुढे, वॉकर तिच्या पायांशी. रिंग रोडवर लोक आमच्याकडे पाहून हसत होते आणि आई मला हळूच म्हणाली, "तू समोर पाह्य." वळण आलं की मागून आवाज यायचा, "हळू. वळनावरच दिसते." नोकरीत त्यांनी हेच केलं होतं. गाडी वळायची तेव्हा गार्ड बाहेर झुकून एकेक डबा पाहतो, कुठे धूर, कुठे ठिणगी, कुठे जळका वास.

"वास येऊन राहिला," ते म्हणाले. मग एका सपाट रस्त्यावर म्हणाले, "आता गिअर काढ. ब्रेकले पाय लावू नको. जिथं थांबंल तिथं थांबू दे."

गाडी घरंगळत पुढे जायला हवी होती. ती थोडी पुढे गेली आणि कुणी मागून पदर धरावा तशी थांबली.

ते उतरले. आईच्या बाटलीतलं पाणी घेऊन त्यांनी पुढच्या चाकाच्या मध्यावर टाकलं. पाणी नुसतं ओघळलं. मग मागच्या चाकावर टाकलं. चर्र आवाज झाला आणि वाफ निघाली. दुसऱ्या बाजूलाही तेच.

"इंजिन बिचारं चांगलं हाये. मागचे ब्रेक सुटलेच नाहीत. तू बांधलेली गाडी ओढून राहिली होती, पोरी."

मला इतकं हलकं वाटलं, की मी रस्त्यातच हसायला लागले. आता हा माणूस महिनाभर या विजयाच्या गोष्टी सांगणार, डबे कधी कोळशाचे तर कधी तांदळाचे, आणि मी त्या सगळ्या आनंदाने ऐकणार, असं मी ठरवूनही टाकलं. पण ते गाडीत वाकले आणि खाली असलेला हँडब्रेक त्यांनी एकदा वर ओढला, एकदा सोडला. परत ओढला, परत सोडला. मग मागे जाऊन बसले, या वेळी पुढे तोंड करून. त्या संध्याकाळी त्यांनी गाड्यांची फेरी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये पोचले, तर ते माझ्या आधी येऊन बाकावर बसलेले. भैयाने मागचं चाक जॅकवर उचललं आणि हाताने फिरवून पाहिलं. फिरेना. चाकामागचा ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आतून काळा भुगा सांडला. त्याने हँडब्रेकची केबल ओढून दाखवली. गंजून, ताणून आखडलेली, सोडली तरी मागे न जाणारी. पूर्ण पावसाळा ओल्या चाकांनी, आवळलेल्या ब्रेकवर गाडी उभी होती.

"इतना कौन खींचता है, दीदी?"

मला रात्रीपासूनच कळलं होतं. मी म्हणणार होते, की मीच ओढते. ते खोटंही नव्हतं.

"मैं," बाकावरून आवाज आला. ते उठून उभे राहिले होते. "रोज. इसके खींचने के बाद मैं फिर से खींचता था. पानी भी मैं ही मारता था."

भैया हसला नाही, याबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे. तो म्हणाला, "हव दादा, होता है," आणि नवी केबल आणायला निघालाही.

संध्याकाळी गार्डसाहेब आमच्या दारातून आत आले. इतक्या दिवसांत ते कधी उंबऱ्याच्या आत आले नव्हते. आईने खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "बाई, तुमचं नागपूर माह्या हातानं अडलं होतं," ते म्हणाले आणि गाडीची दुसरी चावी त्यांनी टेबलावर ठेवली.

आई डाळीतले खडे वेचत होती. तिने मान वर केली. "अडलं नाही न अजून. दसरा व्हाचा हाये." मग तिने चावी उचलून त्यांच्यापुढे धरली. "हे ठेवा तुमच्यापाशीच. हात तेवढा आवरा."

त्यांनी चावी घेतली. वळले तेव्हा टॉवेलने तोंड पुसत होते, ते घाम पुसणं नव्हतं.

दसऱ्याच्या पहाटे आम्ही निघालो. त्यांनी दोन लाकडी ठोकळे तासून ठेवले होते, चाकाखाली लावायला. ते डिकीत टाकले, चारही चाकं पाहिली, मागच्या दोन्ही चाकांवर तळवा ठेवून पाहिला, आणि मग टॉवेल वर केला. राजनांदगाव सोडल्यावर मी थांबले आणि उतरून मागच्या चाकाला हात लावला. देवरीच्या जंगलातला चढ ओलांडल्यावर परत लावला. आई आतून विचारायची, "थंड हाये?" काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. गाडी अशी पळत होती, की मला बाबांची फार आठवण आली.

नागपुरात गाड्या उभ्या करायच्या मैदानावर मी चाकाखाली ठोकळे लावले. तिथून पुढे आईला माझी फारशी गरज पडली नाही. वॉकर पाहून गर्दीतल्या अनोळखी बाया बाजूला सरायच्या, एकीने दंड धरला, दुसरीने तिची पिशवी घेतली. आई पांढऱ्या साडीत स्तूपासमोर खूप वेळ उभी राहिली. मी बस म्हटलं तर म्हणाली, "बसाले आली का मी?" तिचा चेहरा तेव्हा कसा होता ते मला सांगता येणार नाही. पण मला हवा तेव्हा तो दिसतो, आणि ही मला मिळालेली फार मोठी गोष्ट आहे.

परतलो तेव्हा ते फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसलेले होते. प्रवास कसा झाला, गर्दी किती होती, काही विचारलं नाही.

"चाकं?"

आई सावकाश उतरली. ती त्यांना नेहमी गार्डसाहेब म्हणायची. तिने त्यांचा हात मनगटाला धरला, त्यांना मागच्या चाकापाशी नेलं आणि त्यांचा तळवा त्यावर टेकवला.

"कोमट हायेत, भाऊ. जळून नाही राहिले."

त्यांनी हात बराच वेळ तिथेच ठेवला.

आई पुढचा दसरा पाहायला नव्हती. चैत्रात गेली, दुपारी, झोपेत. पुढे मी चौबे कॉलनीत स्वतःचा फ्लॅट घेतला. तो पाहायला गार्डसाहेब आले, ई-रिक्षात मागे तोंड करून. पार्किंग सपाट आहे हे पाहून खूश झाले. "इथं गिअरमंदी ठेवलं तरी चालते," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आता मी रोज ऑफिसहून आले की वर जाण्याआधी मागच्या चाकाला हात लावून पाहते. सोसायटीतल्या लोकांना वाटतं, बाईंना काहीतरी आहे. वाटू दे. त्या माणसाने मला घर दिलं, आणि आईला तिचं नागपूर स्वतःच्याच हातातून सोडवून दिलं. हे मी दुसरं कुठे ठेवणार?

आईला नेलं त्या दिवशी अंगणात माणसं बरीच होती. शववाहिनीत तिला ठेवलं, दार लागलं, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. गार्डसाहेब सगळ्यांच्या मागे उभे होते, तिथून ते पुढे आले. वाकले. गुडघ्यावर हात ठेवून, त्रास होत असताना वाकले आणि गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांना त्यांनी एकेकदा हात लावला. ड्रायव्हर आरशात पाहत थांबला होता. मग ते फाटकात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी खांद्यावरचा हिरवा टॉवेल वर धरला.